चौथी खाच

आमच्या ट्रॅक्टरच्या सीटला लागून उजव्या हाताला एक काळा दांडा आहे. पुढं बसवलेल्या डोझरचं पातं त्या दांड्यानं वरखाली होतं. ट्रॅक्टरच्या पाठीमागून तेलाचे दोन जाड पाईप निघतात, पोटाखालून पुढं जातात आणि पातं उचलणाऱ्या दट्ट्यांना मिळतात. दांडा मागं ओढला की पातं वर, पुढं ढकलला की खाली. हात काढला की दांडा आपोआप मध्ये येतो आणि पातं असेल तिथं थांबतं. पण पुढं ढकलताना आणखी जोर लावला तर टक् असा आवाज होतो आणि दांडा तिथंच अडकून बसतो.

ट्रॅक्टर आम्ही जुना घेतला होता. विकणाऱ्यानं मला सीटवर बसवून सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाला, "त्या शेवटच्या खाचेत कधी टाकू नका ताई. दांडा फसते तिथं. बाकी मशीन एक नंबर हाये."

मी दोन वर्षं त्या खाचेच्या वाटेला गेले नाही.

आमचं वावर बोरी अरबच्या अलीकडं, नाल्याच्या काठावर. आमचे हे पुसदला शाळेत शिक्षक. शनिवारी येतात, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जातात. सासूबाई गेल्यापासून गावच्या घरात मी आणि सासरे, दोघंच. ट्रॅक्टर मी माहेरी भावाच्या हाताखाली शिकले होते, म्हणून इथंही तो माझ्याकडंच आला. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्यांचं सगळं आयुष्य बैलांमागं गेलं. ट्रॅक्टरवर ते कधी बसले नाहीत, पण मी काम करत असले की वावराच्या कडेला धुऱ्यावर उभं राहून ओरडत राहायचे. "अव, तिकडं खड्डा राह्यला! मागं पाह्य!"

मागच्या उन्हाळ्यात तलावातला गाळ आणून आम्ही वावरात टाकला. काळाभोर, लोण्यासारखा गाळ. कपाशीची पऱ्हाटी उपटून मोकळ्या केलेल्या रानात ठिकठिकाणी ढीग पडले आणि ते पसरायचं काम माझ्याकडं आलं. मला वाटलं, चार दिवसांत होईल.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. ढीग पुढं लोटेपर्यंत ठीक होतं. पण पसरलेला गाळ सारखा करायला पातं टेकवून ट्रॅक्टर मागं घेतला की पातं जमिनीत घुसायचं आणि खालची जुनी माती खरवडून वर आणायचं. जरा उचललं तर गाळाला शिवायचंही नाही. एकदा मी चिडून दांडा पुढं दाबून धरला, तेव्हा ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेली. स्टेअरिंग हातात हलकं झालं. मी इतकी घाबरले की दांडा सोडून दोन्ही हातांनी सीट धरली. एवढं मोठं धूड त्या दोन पाईपांतलं तेल उचलू शकतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी पाहिलं तर वावर म्हणजे नुसत्या लाटा. मामाजी म्हणाले, "हे काय पसरवणं हाये? याच्यात पाणी साचून सोयाबीन सडन."

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या मिस्त्रींना फोन केला. सगळा गाव त्यांना चाचा म्हणतो. रस्त्यावर त्यांचं टिनाचं दुकान आहे, आणि ते आसपासच्या दहा गावांतले ट्रॅक्टर आवाजावरून ओळखतात. मला वाटत होतं, तेलाचा दाब जास्त झाला असेल. चाचा मोटरसायकलवर आले, मला एक चक्कर मारायला लावली आणि हात वर करून थांबवलं.

"मशीनले काहीच झालं नाई, ताई. तुमी दाबून राह्यल्या."

"मग काय करू?"

"दाबायचं नाई, सोडायचं." ते पायदानावर चढले आणि माझ्या हातावरून दांडा पुढं ढकलत नेला. टक्.

"चाचा, तिथं नको! फसते तो!"

चाचा माझ्याकडं पाहतच राहिले. "कोनं सांगितलं?"

मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, फसते नाई, बसते. त्याले फ्लोट म्हंतेत. त्याच्यासाठीच बनवली ना ती खाच."

मग त्यांनी खाली उतरून दोन पाईपांवर दोन हात ठेवले आणि समजावलं. वर घेताना तेल एका पाईपातून जोर करतं, खाली घेताना दुसऱ्या. दांडा मध्ये असला की दोन्ही वाटा बंद, तेल जागीच कोंडतं, म्हणून पातं हलत नाही. आणि त्या चौथ्या खाचेत दोन्ही वाटा टाकीकडं उघड्या. कोणी ढकलत नाही, कोणी अडवत नाही. पातं आपल्या वजनानं जमिनीवर टेकतं. उंचवटा आला की वर सरकतं, खोलगट आलं की खाली बसतं.

धुऱ्यावरून आलेले मामाजी ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे वखराच्या मुठीवानी. दाबली तं खालची लोखंडी पास रुतते, सैल धरली तं जमिनीच्या अंगानं जाते."

"बराबर!" चाचा खुश झाले. "बाबाले समजलं पाह्य."

मी त्या खाचेत दांडा ठेवून ट्रॅक्टर मागं घेतला. मागं राहिलेली पट्टी हातानं सारवल्यासारखी होती. मी उतरून तिच्यावर चालत गेले. दोन वर्षं जी गोष्ट मी बिघाड समजत होते, तेच तर काम होतं! मला हसू येत होतं आणि त्या विकणाऱ्याचा रागही. चाचा चहा पिऊन गेले.

पुढचे तीन दिवस काम असं झालं की मामाजींचं ओरडणं बंद झालं. पट्टीमागून पट्टी. टक् आवाज आता मला आवडायला लागला होता.

चौथ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, पात्यात तार अडकली. कोणाच्या तरी कुंपणाची जुनी काटेरी तार, गाळासोबत आलेली. पात्याच्या खालच्या धारेला तिनं वेटोळं घातलं होतं. मी पातं कमरेएवढं उचललं, दांडा सोडला, गिअर काढला आणि इंजिन बंद केलं. इंजिन बंद केलं, म्हणजे मी मशीन मारून टाकलं, असं मला वाटत होतं. बंद मशीन काय करणार?

मामाजी आले आणि पात्यासमोर बसले. तार ओढून पाहिली. "पक्कड दे व."

पक्कड उजव्या मडगार्डाच्या पेटीत होती. मी सीटवरून अर्धी उठले, उजवीकडं वळले आणि पेटीपर्यंत पोचायला तळहात टेकून आधार घेतला. तळहात दांड्यावर होता. पक्कड काढताना माझं सगळं वजन त्या हातावर गेलं.

टक्.

त्यानंतर काही मोठा आवाज झाला नाही. हे मला अजून पटत नाही. इंजिन बंद होतं, वावर शांत होतं, आणि माझ्यासमोरून ते पातं खाली गेलं. तेल पाईपातून सरकल्याचा नुसता सुस्कारा, मग मऊ मातीवर धप्प. मामाजी एका अंगावर कलंडले. ते ओरडलेही नाहीत. फक्त "अरे" म्हणाले, कोणी अचानक हाक मारल्यावर म्हणतात तसं.

मला काही कळलं नाही. खरं सांगते, दोन-तीन क्षण मी पक्कड हातात घेऊन उभी होते आणि मनात एकच विचार होता, की बंद आहे ना, बंद आहे ना ट्रॅक्टर.

मग मी उडी मारली. मामाजींचा डावा पाय चवड्यापासून पात्याखाली होता. चप्पल दिसत नव्हती. मी दोन्ही हातांनी पातं उचलायला गेले. ते कोणाच्यानं हलणार? मी ओरडत होते की रडत होते, आठवत नाही. मामाजींनीच माझं मनगट धरलं.

"मशीननं उचल. हातानं नाई व्हायचं."

मी धावत सीटवर चढले. किल्लीला हात घातला, क्लच दाबला. आणि तिथं माझा हात थांबला.

का थांबला, ते मी पुष्कळदा आठवून पाहते. माझी नजर दांड्यावर गेली. तो चौथ्या खाचेत बसला होता, सगळ्यात पुढं. मला पातं वर घ्यायचं होतं, म्हणजे दांडा मागं ओढायचा. पण चौथ्या खाचेतून मागं येताना आधी कोणती जागा लागते? खाली दाबायची. त्याच जागेनं पहिल्या दिवशी ट्रॅक्टरची चाकं हवेत उचलली होती. मी इंजिन चालू करून दांडा मागं ओढला असता, तर पातं वर जाण्याआधी क्षणभर तेवढ्याच जोरानं खाली दाबलं गेलं असतं. मामाजींच्या पायावर.

मी किल्लीवरून हात असा काढला जसा तव्यावरून काढावा. पातं पडलं तेव्हा बसला नव्हता तेवढा धक्का मला त्या क्षणी बसला. पहिली चूक नकळत झाली होती. दुसरी मी स्वतःच्या हातानं, त्यांना वाचवायला म्हणून करणार होते.

"काय झालं व?" मामाजी खालून म्हणाले.

"काही नाई मामाजी. पाय हलवू नका."

इंजिन बंद असतानाच मी दांडा खाचेतून सोडवून मध्ये आणला. तो मध्ये आला की नाही, हे दोनदा हलवून पाहिलं. गिअर पाहिला. मग किल्ली फिरवली. इंजिन लागलं. दांडा मागं, अगदी बोटभर. पातं थरथरलं आणि वर गेलं.

"काढा पाय!"

"निघून नाई राह्यला."

"हातानं ओढा, मामाजी! मी दांडा सोडत नाई!"

त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःची पोटरी धरली आणि पाय ओढून काढला. बसल्या बसल्याच मागं सरकत गेले, चांगले दहा हात. मग मी पातं जमिनीवर टेकवलं, इंजिन बंद केलं आणि उतरले.

शेजारच्या वावरातला माणूस, मामाजींच्या मित्राचा मुलगा, माझं ओरडणं ऐकून धावत आला. त्याच्या मोटरसायकलवर मध्ये मामाजी आणि मागं मी, असे आम्ही दारव्ह्याला दवाखान्यात गेलो. वाटेत त्यानं विचारलं, "काय झालं होतं काका?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मामाजी म्हणाले, "गोटा पडला पायावर. ढिगातून घरंगळला."

मी त्यांना मागून धरून बसले होते. त्यांचं अंग दुखण्यानं ताठ झालेलं मला जाणवत होतं, आणि तशा अवस्थेत मामाजींना माझी काळजी सुचली होती.

एक्स-रेत दोन बोटं आणि चवड्याचं एक हाड मोडलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "खाली माती मऊ होती म्हणून पाय रुतला. कडक जमीन असती तर पंजा राहिला नसता." मग त्यांनीही विचारलं, कशानं झालं? मामाजींनी तोच गोटा त्यांनाही सांगितला.

शनिवारी हे आले. वडिलांच्या प्लास्टरकडं बघत म्हणाले, "तलावाच्या गाळात एवढा मोठा गोटा कुठून आला?" मी स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. ते पाटावर बसले. मग म्हणाले, "बाबा म्हणतात तर गोटाच राहू दे. गावाला कळलं तर म्हणतील, बाईच्या हातात ट्रॅक्टर दिला म्हणून झालं."

म्हणणार होते, हे मलाही माहीत होतं. म्हणून मीही गप्प राहिले. लोक भेटायला येत, जय भीम घालत, पायाकडं पाहत. मामाजी गोट्याची गोष्ट सांगत. दर वेळी तो गोटा थोडा मोठा होई.

चाचा आले तेव्हा मात्र मामाजींचा गोटा चालला नाही. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, प्लास्टर पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. "ताई, दांडा कुठं होता?"

मी सांगितलं. चाचांनी चहाचा कप खाली ठेवला.

"इंजिन बंद असलं तरी पडते, हे मी तुमाले सांगितलंच नाई," ते म्हणाले. "मले वाटलं, एवढं तं माहीत असनच. या अल्ला! अर्धं शिकवून गेलतो मी." त्या माणसाचे डोळे भरले होते. मामाजी त्यांनाच समजावायला लागले, "अरे जाऊ दे बाप्पा, पाय हाये ना जाग्यावर."

दुसऱ्या दिवशी चाचांनी येऊन दांड्याजवळ लोखंडी कडी बसवली. ती उचलल्याशिवाय दांडा हलत नाही. मला म्हणाले, "कडी असो की नसो, उतरायच्या आधी पातं जमिनीवर. वर लटकलेल्या लोखंडावर भरोसा नाई ठेवायचा."

इथवर हे आमच्या घरातलं होतं. पण दहा-बारा दिवसांनी मी डबा घेऊन वावराकडं चालले होते, तेव्हा शेजारच्या वावरात आम्हाला दवाखान्यात नेणारा तोच माणूस दिसला. त्याच्याकडंही डोझर आहे. पातं त्याच्या डोक्याच्या वर उचललेलं होतं, इंजिन बंद होतं आणि तो खाली उभा राहून खुरप्यानं चिकटलेली माती खरवडत होता. सीटवर त्याचा भाऊ बसला होता. मोबाइल पाहत. कोपर दांड्यावर टेकलेलं.

मी कशी ओरडले, मला माहीत नाही. डबा हातातून पडला. "बाहेर ये! बाहेर निघ तिथून!"

तो दचकून बाहेर आला. "काय झालं वहिनी? साप हाये का?"

"पातं खाली घे आधी!"

"बंद हाये ना मशीन."

हेच वाक्य होतं. अगदी हेच. मी धुऱ्यावर बसले आणि त्या दोघा भावांना सगळं सांगितलं, गोटा नव्हता हे सांगितलं. भाऊ सीटवर अवघडून बसला होता, कोपर कधीच उचललेलं. तो म्हणाला, "मी तं पातं लवकर खाली यावं म्हणून रोज त्याच खाचेत टाकतो. माया मनात कधी आलंच नाई."

रविवारी विहारात वंदना झाली की माणसं अंगणात थांबतात. मी तिथं उभी राहिले आणि बोलले. मी चांगली बोलले नाही. एक जण म्हणालाच, "म्हंजे बाईच्या हातून झालं तं!" मी म्हटलं, "हो, माझ्या हातून झालं. तुमच्या ट्रॅक्टरला दांडा आहे ना? त्याला चौथी खाच आहे का, तेवढं मला सांगा." त्याला माहीत नव्हतं. आणखी तिघांना माहीत नव्हतं. एकाला विकणाऱ्यानं माझ्यासारखंच सांगितलं होतं, तिथं टाकू नका म्हणून, आणि का ते सांगितलं नव्हतं.

मामाजींना घरी कळलं तेव्हा ते भडकले. "मी तुयासाठी खोटं बोललो आणि तू मलेच खोटं पाडलं?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट समोर ठेवलं की भिंतीकडं बघत जेवायचे. मी माफी मागितली, पण ते सांगायला नको होतं असं म्हणाले नाही. म्हणता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी नाल्यापलीकडचे दोघं आले. त्यांनी मामाजींना विचारलं, "काका, ते पातं बंद मशीनवर पडते म्हंतात, खरं काय?" मी आतून ऐकत होते. मामाजी थोडा वेळ खाकरले. मग म्हणाले, "पडते. आवाजबी नाई करत. मी खाली होतो ना." आणि मग सगळी हकिकत सांगितली, माझा हात किल्लीवरून मागं आला ती सुद्धा. ती मी त्यांना कधीच सांगितली नव्हती. खाली पडल्या पडल्या त्यांनी ते पाहिलं होतं.

प्लास्टर निघालं, पण दोन बोटं वाकडी राहिली. चप्पल घालता येत नाही, म्हणून यांनी पुसदहून कापडी बूट आणले. ते घालून मामाजी सकाळी गावभर फिरतात आणि कोणी विचारलं की बूट काढून बोटं दाखवतात. गाळ मी पावसाआधी पसरून संपवला. पुन्हा ट्रॅक्टरवर चढले त्या दिवशी ती कडी उचलायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. धुऱ्यावर मामाजी खाटेवर बसले होते. मी ट्रॅक्टर लावला, पातं टेकवलं आणि त्यांच्याकडं पाहिलं.

"चाल ना," ते ओरडले. "पाहून कायले राह्यली?"